भाऊ सध्या काय करतात?

लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझा नवरा मला दिवसाउजेडी फारसा दिसला नाही. सकाळी कंपनीची जीप यायची आणि ह्यांना घेऊन तलासरीकडे, हायवेवरच्या कारखान्यात जायची. संध्याकाळी तीच जीप ह्यांना परत आणायची, पण घरी नव्हे. डहाणूत जिथे कुठे मीटिंग असेल तिथे. नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती. मला ते ‘हे’, आणि सगळ्या गावाला ‘भाऊ’.

भाऊ गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी होते. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होते. पाड्यांवर डोळ्यांचं शिबिर असलं की डॉक्टरांना स्टेशनवरून उतरवून घेण्यापासून म्हाताऱ्यांना चष्मे वाटण्यापर्यंत सगळीकडे भाऊच. कुणाची मुलगी बघायला पाहुणे आले तर त्यांच्याशी बोलत बसायला भाऊ, आणि कुणाकडे माणूस गेलं तर तिरडी बांधायलाही भाऊ. कारखान्यात ते प्रशासन बघत. म्हणजे नेमकं काय बघत, ते मला कधी नीट कळलं नाही, पण कारखान्याची जीप, कारखान्याचा फोन आणि कारखान्याचा जनरेटर त्यांच्या हाताखाली होता, एवढं गावाला पक्कं ठाऊक होतं.

मी तलासरीतच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. म्हणजे आमचा रस्ता एक आणि वेळही एक. पण मी एसटीने जायची. कंपनीची गाडी घरच्या कामाला वापरायची नाही, असं ह्यांचं तत्त्व होतं. गणपतीची मूर्ती, बाळंतीण, व्याख्याते आणि शिबिराच्या खाटा ही घरची कामं नव्हती, बायको होती. कधीकधी मी आशागडच्या पुढे एसटीत उभी असायची आणि जीप शेजारून निघून जायची. मागच्या सीटवर कुणाचा तरी आजारी मामा बसलेला असायचा. हे हात करायचे. मीही करायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा कारखाना बंद पडला. पडणार पडणार अशी कुजबुज वर्षभर होती, पण ज्याला सगळं आधी कळतं त्या माणसाने त्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी जीपने ह्यांना भर दुपारी दारात सोडलं. मला तापामुळे रजा होती म्हणून मी ते पाहिलं. ड्रायव्हर रडत होता आणि हे त्याची समजूत घालत होते. मग जीप गेली. पुढे काही दिवसांनी टेलिफोन खात्याची माणसं आली आणि कंपनीच्या नावावरचा आमचा फोनही काढून घेऊन गेली. भिंतीवर वायरीचं एक टोक तेवढं राहिलं.

पहिला आठवडा घरात माणसं मावत नव्हती. सुतकात बसतात तशी येऊन बसायची, पाणी घ्यायची, मान हलवायची. उठताना मात्र प्रत्येकजण एकच वाक्य म्हणायचा, “चला, आता भाऊंना समाजासाठी वेळच वेळ!” त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आणि त्या वाक्यावर सगळ्यात जास्त विश्वास ह्यांनीच ठेवला. मला म्हणाले, “बघ, आजवर सगळं धावतपळत केलं. आता नीट करू.” वाचनालयाची एक शाखा कोसबाडच्या बाजूला काढायची, शिबिरं वर्षातून दोनदा घ्यायची, असे बेत सुरू झाले. मला वाटलं, बरं झालं, माणूस खचला नाही.

गणपतीच्या तयारीची पहिली मीटिंग आली. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले, आणि मी पोळ्या लाटायला घेते न घेते तोच परत आले.

“झाली एवढ्यात?”

“चालू आहे.”

“मग?”

“मूर्ती आणायला यंदा टेम्पो लागणार. शेठकडे टेम्पो आहे. मग म्हटलं, तुम्हीच सेक्रेटरी व्हा, सोपं पडेल.”

“तुम्ही म्हटलंत? की ते म्हणाले?”

“मी म्हटलं,” हे म्हणाले. शर्टाची बटणं सोडता सोडता म्हणाले, “कुणी नको म्हणालं नाही.”

शेठ म्हणजे स्टेशनजवळच्या चिकूच्या वखारीचे मालक. गुजराती माणूस, जन्म सगळा डहाणूतला. मराठी बोलताना मध्येच गुजराती सांडायचे. अतिशय सज्जन. पुढे जे काही झालं ते त्यांच्या सज्जनपणामुळेच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दोनेक आठवड्यांनी मंडळाची माणसं वर्गणीला आमच्या चाळीत आली. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर आली. आमच्या शेजारी थांबली, हसणं-बोलणं झालं, मग पावलं आमच्या दारासमोरून पुढच्या दाराकडे गेली. मी बाहेर आले.

“अहो, आमची पावती?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेठ पुढे झाले. त्यांनी आवाज इतका हलका केला की तीन घरांत ऐकू गेला. “बेन, भाऊंकडून आता कसं घेणार? आमीच ठरवलं ने, यंदा नको. भाऊंनी किती केलं मंडळासाठी!”

“शेठ, माझा पगार चालू आहे.”

“ते खरं. पण भाऊंना वाईट नाय वाटायला पाहिजे.”

आत हे खुर्चीत पेपर उघडून बसले होते. मी आत आले तेव्हा पेपर तसाच होता, फक्त चेहऱ्याच्या जरा जवळ आला होता. त्या वर्षी हे आरतीला गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “पाहुण्यासारखं कसं जाऊ?”

त्यानंतर ह्यांचं बाहेर पडणं कमी होत गेलं. एकदम नाही, ओहोटी लागते तसं, जरा नजर काढावी आणि बघावं तर पाणी आणखी मागे गेलेलं. आधी मंडळ सुटलं. मग शिबिर, कारण डॉक्टरांना आणायला गाडी नाही. खरंतर डॉक्टर रिक्षाने यायला तयार होते. मग लग्नं. चिंचणीला नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, “भाऊ, सध्या काय करता?” ह्यांनी जिलेबीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, “सध्या जरा विश्रांती.” गृहस्थ म्हणाले, “वा! मजा आहे बुवा तुमची.” येताना एसटीत हे खिडकीबाहेर बघत होते. वाणगावच्या पुढे आल्यावर म्हणाले, “यापुढे लग्नाला तू जात जा. आहेर तुझ्याच पगाराचा असतो.”

म्हणजे हिशोब असा झाला, की वेळ नव्हता तेव्हा माझा नवरा सगळ्या गावाचा होता, आणि वेळच वेळ झाला तेव्हा तो फक्त माझा राहिला. बायकांना असंच हवं असतं, असं म्हणतात. मला ते मिळालं आणि मी रोज सकाळी एसटी पकडून तलासरीला पळत होते.

नोकरीसाठी हे अर्ज करत होते. वापीला, तारापूरला मुलाखतींना जात होते. वयाकडे बघून लोक ‘कळवतो’ म्हणत. पण मला ह्यांच्या नोकरीपेक्षा ह्यांच्या संध्याकाळची काळजी वाटायची. मी घरी यायची तेव्हा इस्त्रीचे कपडे घालून, भांग पाडून, हे खुर्चीत बसलेले असायचे. कुठेही न जाण्यासाठी इतकं तयार होऊन बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग एका रविवारी वाचनालयाचे अध्यक्ष आमच्याकडे आले. हायस्कूलमधून निवृत्त झालेले मास्तर, बोलणं तोलूनमापून. ह्यांनी मीटिंगना जाणं बंद केल्याला वर्ष होत आलं होतं. मला वाटलं, बोलवायला आले. ह्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण हे पटकन उठून बसले.

मास्तर म्हणाले, “भाऊ, तुमची जागा रिकामी ठेवणं बरं दिसत नाही. आणि बाहेरच्या माणसाला देणंही बरं दिसत नाही. तेव्हा कार्यकारिणीला असं वाटतं की बाईंनी यावं. घरातली जागा घरातच राहील.”

मी म्हटलं, “मास्तर, मला वेळ कुठे आहे? मी पहाटे उठते ती—”

“वेळ नसतो तीच माणसं काम करतात, बाई,” मास्तर म्हणाले. “आमचा अनुभव आहे.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं होतं, माणूस दुखावेल. पण ह्यांच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं. मास्तर गेल्यावर मला म्हणाले, “जा. पण पहिल्या मीटिंगला काही बोलू नकोस. कोण कुणाच्या शेजारी बसतं तेवढं बघ आणि मला सांग.”

मी वाचनालयात गेले ती अशी. मग तिथल्या ओळखीने महिला मंडळाने ओढलं, आणि शिबिरवाल्यांना तलासरीकडच्या पाड्यांतली घरं माहीत असलेलं माणूस हवं होतं, म्हणून त्यांनीही धरलं. वारली मुलांना शिकवत असल्याने त्यांची बोली मला थोडीफार कळायची. ह्यांना एवढ्या वर्षांत ती कधी लागली नव्हती, जीप असल्यावर बोली कशाला लागते? मी घरी यायची, चपला काढायची, आणि हे प्रश्न विचारायला सुरुवात करायचे.

“चहा ठरावाच्या आधी आला की नंतर?”

“आधी.”

“मग ठराव बारगळला.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चहा झाला की अर्धे उठतात. पुढच्या वेळी चहावाल्याला उशिरा यायला सांग.”

मी तसं सांगितलं आणि ठराव पास झाला. गावात बोललं गेलं, बाई हुशार आहेत. एका बाईंनी तर मला विचारलं, “तुम्ही इतकं करता, भाऊंना कसं काही वाटत नाही हो? पुरुषांनी थोडं तरी समाजात मिसळावं.”

असं चाललं असताना आमच्या खालच्या मजल्यावरचे गार्डकाका वारले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, दोन्ही मुलं बडोद्याला, इथे नवराबायको दोघंच. सकाळी मी डबा भरत होते तेव्हा काकूंचा आवाज आला आणि मी धावत खाली गेले. पुढे चाळ जमा झाली. मुलांना फोन झाला. दुपारच्या गाडीने पोचतो म्हणाले. शेठ आले आणि त्यांनी आपला टेम्पो पाठवून बांबू, सुंभ, मडकं, सगळं आणवलं. मी शाळेत निरोप धाडला आणि काकूंजवळ बसले.

भाऊ कुठे आहेत, असं कुणी विचारलं नाही. भाऊ कुठे येत नाहीत याची चाळीला सवय झाली होती.

आणायच्या त्या वस्तू सगळ्या आल्या, पण अंगणात बांबूंभोवती उभ्या असलेल्या माणसांना पुढे काय करायचं ते नीट ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं ते भाऊच करायचे. शेठ सूचना देत होते. बँकेतला एक कारकून आणि स्टेशनवरचे दोघे गाठी मारत होते. एकाने मारलेली गाठ दुसरा ओढून बघायचा आणि ती सुटायची. आडवे बांबू तिरपे झाले. म्हातारे लोक हळूच म्हणत होते, “असं नाही, असं नाही,” पण कसं ते कुणी सांगत नव्हतं.

मी पाणी घ्यायला बाहेर आले आणि सहज वर पाहिलं. आमच्या खिडकीचा पडदा जरासा सरकलेला होता. मागे हे उभे होते. सुंभाची गाठ सुटली की पडदा हलायचा.

शेवटी त्यांनी तिरडी उचलून बघितली आणि एक आडवा बांबू सरळ निखळून खाली पडला. तेवढ्यात वरून आवाज आला, “अहो, सुंभ भिजवा! कोरड्या सुंभाला गाठ धरते का कधी?”

सगळ्यांनी माना वर केल्या. खिडकीत कुणी नव्हतं, पण जिन्यात पायांचा आवाज होता. इस्त्रीचे कपडे घालून दिवसेंदिवस बसून राहणारा माझा नवरा त्या दिवशी बनियन आणि लेंग्यावर खाली आला. बादलीत सुंभ बुडवलं, उकिडवा बसला, सगळ्या गाठी सोडल्या आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं. “धरा. ओढा. एवढं नको.” बँकेचा कारकून धरत होता, शेठ ओढत होते. बांधून झाल्यावर ह्यांनी स्वतःच तिरडीवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघितलं, मग घरात जाऊन काकूंसमोर उभे राहिले. काकू म्हणाल्या, “भाऊ, आलात?” हे म्हणाले, “आलो ना.” एवढंच.

मुलं बडोद्याहून आली. स्मशानापर्यंत आणि परत, सगळं ह्यांनी पार पाडलं. संध्याकाळी मागच्या पडवीत अंघोळ करून हे आत आले, आणि मी न विचारता म्हणाले, “भूक लागलीय.”

त्या दिवसानंतर डहाणूत कुठेही माणूस गेलं की हे निघायचे. कुणी सांगावं लागत नसे. पायी, सायकलवर, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, बोर्डीपर्यंतसुद्धा गेले. मला आधी वाटलं, जुनी आवड परत आली, आता हळूहळू बाकीचंही येईल. पण बारसं, मुंज, सत्यनारायण, वाचनालयाचं व्याख्यान, ह्यांतलं काहीच परत आलं नाही. फक्त मर्तिक.

एकदा मी विचारलं, “तुम्हाला तिथेच का जावंसं वाटतं?”

“तिथे कुणी विचारत नाही,” हे म्हणाले.

“काय?”

“सध्या काय करता म्हणून.”

ते मी पुढे स्वतः पारखून पाहिलं आणि खरं निघालं. मयताच्या घरी साहेब आणि बेकार एकाच चटईवर बसतात आणि दोघंही गप्प असतात. गावात एवढी एकच सभा अशी होती, जिथे माणसाला नोकरी असावी लागत नव्हती.

पण गाव ते गावच. जरा दिवस गेले आणि लोकांनी ह्यांच्या येण्याला अर्थ चिकटवला. ह्यांच्या ओळखीतले एक आजोबा आजारी होते. हे आपले सरळ मनाने भेटायला गेले. आजोबांनी दारात ह्यांना पाहिलं आणि उशीवरून मान उचलून ओरडले, “भाऊ! अजून वेळ आहे हो!” त्यांची सून शरमेने अर्धी झाली. हे घरी येऊन खुर्चीत बसले आणि हसायला लागले. कारखाना बंद झाल्यापासून मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आजोबा त्यानंतर काही वर्षं जगले. लोक म्हणत, भाऊंच्या धास्तीने.

मग ह्यांना नोकरी लागली. उंबरगावला, गुजरातच्या हद्दीत, एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळायची. पहिल्यापेक्षा हुद्दा लहान. सकाळची शटल पकडायची, संध्याकाळच्या गाडीने यायचं. जीप नाही, फोन नाही. पण नोकरी होती. बातमी गावात पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही, आणि त्याच रविवारी शेठ मंडळाच्या दोघांना घेऊन आले. हातात नारळ होता.

“भाऊ, आता नाय नको बोलू. यंदा अध्यक्ष तुमीच. आमी ठरवलं.”

हे म्हणाले, “शेठ, मला वेळ नाही.”

“असं काय करता? पाच वर्ष आमी तुमाला त्रास नाय दिला. बोललो, भाऊंना बरं वाटेपर्यंत थांबू. तुमीच आला नाय ने!”

शेठना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांच्या मनात एवढा काळ असं होतं, की भाऊंना मंडळाचा कमीपणा वाटायला लागला. आणि ह्यांच्या मनात असं, की मंडळाला माणूस नको होता, जीप हवी होती. दोघेही स्टेशनच्या रस्त्यावर अधूनमधून भेटत होते, ‘कसं काय’ म्हणत होते आणि पुढे जात होते. मी चहा करत ऐकत होते. वाटलं, आता दोघं बोलतील. पण दोघेही सज्जन. शेठ म्हणाले, “बरं, जशी मर्जी.” हे म्हणाले, “राग नको.” नारळ शेठ परत घेऊन गेले नाहीत, त्या नारळाची मी चटणी केली.

ते गेल्यावर मी म्हटलं, “एवढं बोलवायला आले होते. जायचं होतंत.”

“आता तिथे गेलो, आणि ही नोकरीही गेली, तर?” हे म्हणाले. “परत सगळं सोडायला कोण बसलंय?”

“आणि मर्तिकं?”

“ती सुटत नाहीत. आणि तिथे शेवटी आभारप्रदर्शन नसतं.”

पुढे नव्वदचं दशक सरता सरता आजूबाजूचे आणखी दोनचार कारखाने बंद पडले, आणि मीटिंगांमधली एकेक खुर्ची रिकामी व्हायला लागली. तोवर मी वाचनालयाची कार्यवाह झाले होते. मी त्या रिकाम्या खुर्च्यांच्या घरी गेले. मास्तरांसारखी नाही, मी सांगितलं, “बायकोला नको, तुम्हीच या.” एकजण आला. बाकीच्यांनी बायकोला पाठवलं. आमच्या वाचनालयाची कार्यकारिणी त्या काळात जवळजवळ सगळी बायकांची झाली, आणि त्याबद्दल एका समारंभात आमचं कौतुक झालं. पाहुणे म्हणाले, डहाणूतली स्त्री जागी झाली आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यातली प्रत्येकजण पहाटेपासून जागीच होती.

त्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला. ह्यांनी भात लावून ठेवला होता आणि पाटावर बसून मासळी साफ करत होते. मी पदर खोचून शेजारी बसले. हे म्हणाले, “कोण कोण बोललं?” मी सांगायला लागले. हे मध्येमध्ये हुं म्हणत होते आणि बोंबलांची डोकी काढून बाजूला टाकत होते.